देवाच्या वाट्याच्या दीर्घिका

त्या शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात एक ओळ आहे. ‘प्राथमिक मोजणीत एका अप्रशिक्षित व्यक्तीकडून राहिलेली त्रुटी लेखकाने शोधून दुरुस्त केली आहे.’ निबंध इंग्रजीत होता, हे मराठी माझं. ही ओळ आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अप्रशिक्षित व्यक्ती म्हणजे माझी आई. लेखक म्हणजे आमचे सर. त्रुटी त्यांनी शोधली नव्हती, दुरुस्तही केली नव्हती, आणि खरं विचाराल तर ती त्रुटीच नव्हती. काय झालं ते सांगते. सांगताना आवाज चढला तर चढू द्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कराडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे मुलांना भिंगं वाटायची, तास संपला की मोजून परत घ्यायची, आणि एखादं फुटलं की बोलणी खायची. वडील पलटणीत, वर्षातून दोन महिने घरी. आई माझ्यासाठी गाव सोडून कराडात दोन खोल्यांत येऊन राहिली होती. वडिलांचं पत्र आलं होतं, त्यात सगळी चौकशी झाल्यावर खाली लिहिलं होतं, की पुढल्या सुट्टीवर येईन तोवर पुढच्या शिक्षणाचं काय ते पक्कं कर, नाहीतर मी स्थळ बघायला लागतो. ते चिडून लिहिलेलं नव्हतं. पलटणीतला माणूस तारीख देतो तशी त्यांनी मला तारीख दिली होती.

पक्कं करणं सरांच्या हातात होतं. सर आमचे विभागप्रमुख. पीएचडीची नोंदणी त्यांच्याकडेच व्हायची. त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘एवढी मोजणी करून दे. सांगलीच्या परिषदेत तूच मांड. नीट झालं तर नोंदणी करून घेतो.’’ मी केबिनमधून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. आज त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

मोजणी कशाची, ते सांगायला हवं. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची. अशा असंख्य दीर्घिका आहेत आणि त्या आकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठे शेकड्यांनी एकत्र, कुठे दोन-चार, कुठे नुसता मोकळा अंधार. हे एकत्र आलेले समूह झाले कसे, यावर तेव्हा जगभर दोन तट होते. विश्व अगदी कोवळं असताना सगळीकडे जवळजवळ सारखाच वायू होता, हे दोघांनाही मान्य. जवळजवळ, पण पुरता सारखा नाही. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. जिथे किंचित दाट तिथे ओढ जास्त, म्हणून आजूबाजूचं तिथे येणार, मग ओढ आणखी वाढणार. जगाचा हा अन्याय तेव्हापासूनचा आहे.

भांडण पुढे होतं. एक तट म्हणायचा, आधी प्रचंड मोठे ढग आकसले, त्यांचे पापुद्रे झाले, आणि ते फुटून त्यांतून दीर्घिका झाल्या. म्हणजे समूह आधी, दीर्घिका नंतर. दुसरा तट म्हणायचा, आधी लहान लहान दीर्घिका झाल्या आणि मग त्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन समूह झाले. सर पहिल्या तटाचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्या दीर्घिका फुटूनच झाल्या असतील, तर एकटीदुकटी दीर्घिका क्वचितच सापडायला हवी. तेव्हा मोजा. एकट्या किती, जोडीने किती, घोळक्यात किती.

आईला मी हे स्वयंपाकघरात सांगितलं. ती दुष्काळी माण तालुक्यातली, म्हसवडच्या बाजूची. तिकडे चार घरं इथं, दोन घरं टेकडीपलीकडे. माझा जन्म मात्र कृष्णाकाठच्या गावचा. माझ्या डोळ्यांदेखत विहिरींवर मोटारी बसल्या आणि गावठाणातली घरं फुटून मळ्यात राहायला गेली. त्यामुळे मला सरांचं म्हणणं ऐकताक्षणी पटलं होतं. आधी गाव, मग वस्त्या. आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘आमच्यात उलटं हाय. आधी येकेक घर. पानी घावलं तिथं मग गोळा झाली.’’ मी हसले. बीएस्सी, एमएस्सी झालेली मुलगी हसली.

सरांनी दिलेल्या पेटीत आकाशाचे मोठमोठे फोटो होते, उलट छापलेले, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. त्यावर ठेवायला एक पारदर्शक कागद, त्यावर शाईने आखलेले चौकोन, दहा आडवे, दहा उभे. प्रत्येक चौकोनात दीर्घिका किती ते मोजायचं. अडचण अशी, की तारा आणि दीर्घिका यांत फरक एवढाच, की तारा रेखीव दिसतो आणि दीर्घिका किंचित पसरट, धुरकट. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून संध्याकाळी भिंग घेऊन बसले की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. आठ दिवसांत माझा एक फोटो पुरा झाला नाही.

आई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘ह्यो खडा. ह्यो पन खडा. ह्यो कापूस.’’ मी भिंगातून तपासलं. बरोबर. आयुष्यभर तांदूळ निवडलेली बाई ती. पांढऱ्यातलं काळं वेचायचं, आणि त्या काळ्यातही खडा कुठला नि कोंडा कुठला ते ओळखायचं, हे तिला मी काय शिकवणार? मी तिला वीस ठिकाणी अडवून विचारलं, ती वीसही ठिकाणी बरोबर निघाली.

तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून तिनेच तोड काढली. कुंभाराकडून शंभर पणत्या आणल्या आणि खोलीभर मांडल्या, दहा आडव्या, दहा उभ्या. जसे कागदावर चौकोन तशा जमिनीवर पणत्या. मी कॉलेजात गेले की ती दारातल्या उजेडात फोटो घेऊन बसायची, एकेक चौकोन बघायची आणि प्रत्येक कापसाला ज्वारीचा एक दाणा टाकायची. मी परत आले की पणत्यांतले दाणे मोजून वहीत आकडे उतरवायचे. साधारण एका दिवसात एक फोटो. संध्याकाळी खोलीत पाऊल ठेवायला जागा नसायची, आणि आई म्हणायची, ‘‘बघून चाल गं, आभाळ सांडशील.’’

गर्दीच्या चौकोनांची मोजणी मी अधूनमधून ताडून बघायची. माझे एकतीस तर तिचे तीस. माझे सतरा तर तिचे सोळा. एवढा फरक नजरेचा, असं म्हणून मी सोडून द्यायची. फरक दरवेळी एकाचाच पडतो आणि दरवेळी कमीच पडतो, हे मला दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही. सरांवर तोंड सोडण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

सर एकदा घरी आले. पणत्या बघून खो खो हसले, मग खाली बसून आईचं काम बघत राहिले. आईने त्यांना पिठलं-भाकरी वाढली. दोन भाकऱ्या खाऊन म्हणाले, ‘‘मावशी, तुमच्यासारखी नजर माझ्या एकाही विद्यार्थ्याला नाही.’’ वहीतले आकडे बघून तर त्यांचा आनंद पोटात मावेना. एकट्या दीर्घिका अगदी थोड्या. चौकोन एकतर रिकामा, नाहीतर भरलेला. सरांना हवं होतं नेमकं तेच. मनासारखं उत्तर आलं की कोण कशाला तपासतो? त्यांनी तपासलं नाही आणि मीही नाही.

परिषदेच्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही सांगलीला गेलो. आईने हट्टच धरला होता. ‘‘माज्या दान्यांचा तक्ता भिंतीवर लागनार, मला बघू दे की.’’ ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, तक्त्याची गुंडाळी बाळासारखी मांडीवर धरून ती बसमध्ये बसली होती. सभागृहात ती शेवटच्या बाकावर, दाराशी बसली. मी तिची कुणाशी ओळख करून दिली नाही. म्हटलं, झाल्यावर देऊ.

मी बरं बोलले. मग मुंबईहून आलेले एक वयस्कर शास्त्रज्ञ उठून भिंतीपाशी गेले. तक्त्याशेजारी आम्ही एक फोटोही लावला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एका कोपऱ्यात बोट ठेवलं. ‘‘इथं मला एक दीर्घिका दिसतेय. तुमच्या तक्त्यात शून्य आहे.’’ बोट सरकलं. ‘‘इथंही एक आहे. इथंही शून्य.’’ तिसऱ्या शून्याला मागे कुणीतरी हसलं. चौथ्याला बरेच हसले. पाहुणे मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘मोजणी कुणी केली?’’

सरांनी माझ्याकडे बघितलं. सभागृहाने माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, ‘‘घरी एक बाई आहे मदतीला. तिने.’’

सरांनी ताबडतोब हात वर केले. ‘‘अडाणी बाई आहे ती. मी हिला बजावलं होतं, की हे असलं काम घरच्या बायकांवर सोडायचं नसतं.’’ बजावलं होतं म्हणे! त्याच बाईच्या हातच्या दोन भाकऱ्या खाऊन, हात धुऊन, ढेकर देऊन गेले होते. मी भिंतीवरचा तक्ता काढून गुंडाळायला लागले. पाहुण्यांना मराठी येत होतं, म्हणून हा सगळा पाणउतारा मराठीत झाला. शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द ऐकू जात होता.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. तक्त्याची गुंडाळी आता माझ्याकडे होती. कुणाचा ऊस तुटला, कुणाचा उभा आहे, एवढंच ती बोलत राहिली. मी मनातल्या मनात तिच्यावरच चिडले होते. एवढ्या एकट्या दीर्घिका हिला दिसल्या कशा नाहीत?

संध्याकाळी घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, ‘‘त्यो पाव्हना काय म्हनत हुता? येक हाय तिथं शून्य लिवलंय?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले. चिडले की माझीही भाषा गावावर जाते.

‘‘मग बरोबरच हाय की. येकच हाय म्हंजे त्यो देवाचा. पनतीत कुठनं येनार?’’

मला आधी कळलंच नाही. मग गावचं खळं आठवलं.

आमच्या घरात खळ्यावर रास मोजताना पहिलं माप देवाचं. ते वेगळं काढायचं आणि मोजणीत धरायचं नाही. वर्षाकाठी ते धान्य म्हसवडला सिद्धनाथाला जायचं. लहानपणी मी हे शंभरदा बघितलं होतं, पोत्यावर बसून. आईला मी आकाशाची रास मोजायला दिली आणि तिने ती राशीसारखीच मोजली. प्रत्येक चौकोनातला पहिला दाणा देवाला, बाकीचे पणतीत. पाच दीर्घिका असतील तिथे पणतीत चार. एकच असेल तिथे पणती रिकामी.

‘‘अगं, पण मला सांगायचं नाहीस?’’ मी ओरडले.

‘‘सांगायचं काय त्यात? तू काय परक्या घरची हायस? मला वाटलं, तू धरत असशील.’’

आणि मग ती देव्हाऱ्याकडे गेली आणि मागून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत एका सुतळीवर ओळीने बांधलेल्या पुरचुंड्या होत्या. एका फोटोची एक, ज्या क्रमाने फोटो झाले त्याच क्रमाने. देवाचा दाणा दुसऱ्या दाण्यांत मिसळायचा नसतो, म्हणून प्रत्येक फोटोचे देवाचे दाणे तिने जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून ठेवले होते. त्या चिंध्या माझ्या नजरेसमोर रोज बांधल्या जात होत्या. आई देवाचं काहीतरी करते आहे, असं समजून मी कधी विचारलं नव्हतं.

पुरचुंडीतला प्रत्येक दाणा म्हणजे एक चौकोन, ज्यात निदान एक तरी दीर्घिका आहे. त्यातून दाणे पडलेल्या पणत्या वजा केल्या की उरतील तेवढे चौकोन एकट्या दीर्घिकेचे. बाकी प्रत्येक भरल्या चौकोनात एक मिळवायचा. बस. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सगळ्या पुरचुंड्या सोडल्या, मोजल्या आणि पुन्हा बांधल्या. मग चार फोटो भिंग घेऊन स्वतः पहिल्यापासून मोजले, डोळ्यांची आग होईपर्यंत. एकट्यांची संख्या चारही ठिकाणी तंतोतंत जुळली. आईची एकही चूक नव्हती. एकट्या दीर्घिका भरपूर होत्या, वहीतल्या त्या थोड्या एकट्या म्हणजे खरं तर जोड्या होत्या, तिघी-चौघी होत्या, घोळके होते. आधी एकेक घर आणि मग गोळा, असं म्हणायला जागा होती. एका मोजणीने असा प्रश्न सुटत नाही, फोटोत शेजारी दिसणाऱ्या दोघी प्रत्यक्षात एकमेकींच्या पुढेमागे फार लांब असू शकतात, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या काळात जगाचं मत त्याच बाजूला झुकत गेलं. आधी लहान, मग मोठं.

मी वही आणि पुरचुंड्या घेऊन सरांकडे गेले. माणूस हुशार, हे नाकारणार नाही. पाच मिनिटांत त्यांना सगळं समजलं. दहाव्या मिनिटाला ते आपला तट सोडून दुसऱ्या तटावर जाऊन बसलेही होते, जन्मापासून तिथेच असल्यासारखे.

‘‘छान. हे बाहेर पाठवू. तुझं नाव माझ्याखाली दुसरं घालतो. नोंदणीचंही करून टाकू.’’

मी म्हणाले, ‘‘सर, शेवटी आईचे आभार एका ओळीत.’’

‘‘अंगठा लावणाऱ्या बाईचे? आणि काय लिहू, ज्वारी, पणत्या, सिद्धनाथ? परदेशात वाचणार आहेत हे. हसतील.’’

‘‘मग माझंही नाव काढा.’’

मला वाटलं होतं, ते थांबवतील. त्यांनी समोरच्या कागदावर माझ्या नावावर रेघ मारली आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. नोंदणीचा विषय पुन्हा निघाला नाही. निबंध छापून आला, त्यात ती ओळ आली. वडील सुट्टीवर आले, दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी स्थळ बघितलं, आणि मी पुढची सगळी वर्षं साताऱ्यातल्या एका हायस्कुलात प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. सरांचा राग मी इतकी वर्षं नीट सांभाळला आहे. तो मला कामाला आला. तो होता म्हणून दुसरा राग झाकून ठेवता आला.

कारण त्या दिवशी केबिनमधून मी तडक घरी गेले होते. अंगात वारं भरलं होतं. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी ऐटीत. तुझं नाव घातलं नाही, म्हणून मी माझंही काढायला लावलं. नोंदणी गेली तर गेली. मला वाटलं, ती डोळे पुसेल, मला जवळ घेईल.

तिने सूप खाली ठेवलं. तिला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

‘‘तुजं नाव कशापायी काढलंस? त्या कागदाची मी काय भाकर करनार हुते? मला त्यातलं येक अक्षार वाचाय येत न्हाई. मी मागितलं हुतं का? सांगलीत समद्यांम्होरं त्या पाव्हन्यानं इचारलं, मोजलं कोनी. मी उठून हुबी ऱ्हायले हुते, लुगडं सारकं करून. मला वाटलं, आता ही म्हनंल, माज्या आईनं. तेवढंच म्हनायचं हुतं, त्याला कुनाची सही लागत नव्हती.’’

ती उभी राहिली होती, हे मी बघितलंच नव्हतं. एवढं बोलून तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली.